‘आपल्या धर्मात दोन बायका चालतात’ हे अर्धेच खरे आहे

प्रश्न : मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजातली, ठाण्यात वाढलेली, ३१ वर्षांची नोकरदार मुलगी आहे. इस्राएलमधल्या अश्दोद शहरात राहणाऱ्या, आमच्याच समाजातल्या एका गृहस्थांचे स्थळ मला आले आहे. त्यांचे एक लग्न झालेले आहे. पत्नी काही वर्षांपासून वेगळी राहते, पण गेट, म्हणजे धर्माप्रमाणे काडीमोड, अजून झालेला नाही. ती पैशांसाठी अडवून बसली आहे, असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे असे की आपल्या धर्मात पुरुषाला दुसरी बायको करता येते, अब्राहाम आणि याकोब यांनीही केल्या होत्या, तेव्हा ठाण्याला येऊन हजानसमोर, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यासमोर, केतुबा (लग्नाचा करार) करून घेऊ, तिकडचे कागद मागाहून होतील. आणि अगदीच अडले तर रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, परवानगी काढता येते. माझ्या आजीलाही रेवदंड्याला सवत होती, त्यामुळे घरात कुणाला यात फारसे वावगे वाटत नाही. आई म्हणते, वय वाढते आहे, आता ताणू नकोस. बाबा म्हणतात, इथे कोर्टात नोंदणी केली की प्रश्न मिटला. धर्म खरोखर काय सांगतो आणि मी काय करावे?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात देता येते. त्या गृहस्थांचा गेट पूर्ण होऊन त्याचा दाखला तुम्ही स्वतः पाहीपर्यंत लग्नाला उभ्या राहू नका. ठाण्यातही नाही, अश्दोदमध्येही नाही, ‘फक्त केतुबा करून ठेवू’ अशा बोलीवर तर मुळीच नाही. आता धर्माविषयी. त्यांनी तुम्हाला सांगितलेले खोटे नाही, पण जिथे त्यांना सोयीचे होते तिथेच ते थांबले आहेत, आणि तुमचा निर्णय न सांगितलेल्या भागावर अवलंबून असल्यामुळे तो मी जरा सविस्तर सांगणार आहे.

अब्राहाम आणि याकोब यांचा दाखला घरातल्या वादात हमखास दिला जातो, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. हागारेला अब्राहामाकडे पाठवले ते साराने स्वतः, मूल होत नव्हते म्हणून. आणि शेवट झाला तो हागार आपल्या मुलाला व पाण्याच्या बुधल्याला घेऊन रानात भटकत राहण्यात. याकोबाने दोन बहिणींशी लग्न केले ते हौसेने नव्हे. राहेलसाठी सात वर्षे राबल्यावर मामाने रात्री लेआ गळ्यात बांधली. पुढे लेव्यांच्या पुस्तकात (१८:१८) बायको जिवंत असताना तिच्या बहिणीशी लग्न करण्याला सरळ बंदीच घातली आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात एलकानाच्या दोन बायका येतात. त्यांतली पनिन्ना मूल नसलेल्या हन्नेला दरवर्षी यात्रेच्या वेळी इतकी टोचून बोलते की हन्ना जेवण सोडून रडत बसते. शास्त्र या माणसांना पापी म्हणत नाही, हे खरे. पण दोन बायकांचा सुखाने नांदणारा संसार मला तरी त्यात कुठे सापडलेला नाही, आणि ज्यांना आपल्या पूर्वजांचे अनुकरण करायचे आहे त्यांनी त्यांच्या घरातली भांडणेही वाचावीत.

नियमशास्त्रात दुसऱ्या बायकोचा उल्लेख जिथे येतो, तिथे तो बहुतेक वेळा पहिलीच्या हक्कासाठी येतो. निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, दासी म्हणून आणलेल्या मुलीविषयी सांगताना, असे म्हटले आहे की पुरुषाने दुसरी केली तरी पहिलीचे अन्न, तिचे वस्त्र आणि तिचा सहवासाचा हक्क यांत त्याने काहीही कमी करू नये. दासीला जर एवढे मिळते, तर लग्नाच्या बायकोला ते मिळालेच पाहिजे, असा अर्थ पुढच्या शास्त्रींनी लावला आणि नवऱ्याच्या कर्तव्यांचा सगळा इमला त्या एका वाक्यावर उभा केला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात दोन बायका असलेल्या पुरुषाला बजावले आहे की नावडतीचा मुलगा जर थोरला असेल, तर आवडतीच्या मुलाला थोरलेपणाचा वाटा देता येणार नाही. राजांनाही ‘पुष्कळ बायका करू नयेत’ अशी ताकीद आहे. मिश्नाने, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संहितेने, तिची मर्यादा १८ ठरवली, आणि शलमोनाच्या ७०० राण्या व ३०० उपपत्नी यांची हकीकत शास्त्राने सांगितली आहे ती त्याचे मन देवापासून कसे ढळले हे दाखवण्यासाठी.

तल्मुदात, म्हणजे आचार्यांच्या धर्मचर्चांच्या संग्रहात, या विषयावर दोन मते शेजारी शेजारी नोंदलेली आहेत. रावा या आचार्यांचे मत असे की सगळ्यांना पोसण्याची ऐपत असेल तर पुरुषाला अनेक बायका करता येतात. रब्बी अम्मी यांचे मत असे की ज्याला दुसरी करायची आहे त्याने आधी पहिलीला सोडचिठ्ठी देऊन तिची केतुब्याची रक्कम मोजावी. दुसरीकडे एक व्यवहारी सल्ला येतो : चारपेक्षा जास्त नकोत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला महिन्यातून एकदा तरी नवऱ्याचा सहवास येईल. गंमत अशी, की ही चर्चा करणाऱ्या त्या शेकडो आचार्यांपैकी स्वतःच्या घरात दोन बायका असल्याचा उल्लेख जवळजवळ कुणाचाच मिळत नाही. १२व्या शतकात मिसरमध्ये बसून सगळे धर्मशास्त्र एकत्र बांधणाऱ्या मैमोनिदीसने तर लिहून ठेवले आहे की पुरुष शंभर बायकाही करू शकतो आणि पहिली त्याला अडवू शकत नाही. तुमच्या त्या गृहस्थांना हे वाक्य ठाऊक असेल तर ते नक्कीच आवडले असेल. पण त्याच परिच्छेदात पुढे अटी आहेत : प्रत्येकीला तिच्या हक्काचे अन्न, वस्त्र आणि सहवास मिळाला पाहिजे, आणि त्यांना एकाच वाड्यात राहायला तो भाग पाडू शकत नाही, प्रत्येकीला स्वतंत्र बिऱ्हाड. आता त्यांना एवढेच विचारा, की वेगळ्या राहणाऱ्या पहिल्या पत्नीला या तीनपैकी काय आणि किती पोचते. शास्त्राप्रमाणे लग्न टिकून आहे असे म्हणायचे, तर देणेही टिकून आहे.

प्रत्यक्षात काय होत असे याचा एक पुरावा मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडला आहे, आणि तो मला कुठल्याही शास्त्रवचनापेक्षा बोलका वाटतो. पुरातत्त्वज्ञ इगाएल यादिन यांच्या पथकाला १९६१ साली तिथे एका ज्यू बाईचे, बाबथाचे, दप्तर मिळाले : खजुराच्या बागांचे कागद, लग्नाचे करार, मुलाच्या पोटगीचे दावे, सगळे चामड्याच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेले. तिचा दुसरा नवरा यहुदा हा एन-गेदीचा. त्याला मिर्याम नावाची आधीची बायको होती. तो वारला, आणि इसवी सन १३१च्या एका कागदात बाबथा मिर्यामला रोमन सुभेदारापुढे बोलावते आहे, ‘माझ्या आणि तुझ्या मयत नवऱ्याच्या’ घरातली चीजवस्तू तू का उचललीस म्हणून. मिर्याम उलट सांगते की मी तुला त्याच्या मालमत्तेजवळ फिरकू नकोस असे आधीच बजावले होते. धर्माने परवानगी दिलेल्या दोन लग्नांचा हिशेब शेवटी सवतींनी परक्या सरकारच्या दारात मांडला. तुमच्या पत्रातले ‘ती पैशांसाठी अडवून बसली आहे’ हे वाक्य वाचताना मला ही मिर्याम आठवली, कारण तिची बाजू आपल्याला बाबथाच्या कागदावरूनच कळते.

बायकांनी यावर आपल्या परीने उपाय काढला होता. काहिराच्या जुन्या सिनेगॉगमध्ये साठून राहिलेल्या कागदांत ११व्या-१२व्या शतकांतले असे केतुबे मिळाले आहेत, ज्यांत नवरा लिहून देतो की या बायकोच्या संमतीवाचून मी दुसरी करणार नाही आणि तिला नको असलेली दासी घरात ठेवणार नाही. मुसलमानी अंमलाखालच्या या ज्यूंना दुसरे लग्न धर्माने मोकळे होते, आणि म्हणूनच मुलीकडच्यांनी ते करारात बांधून घेतले. करार मोडल्यास केतुब्याची पूर्ण रक्कम मोजून घटस्फोट द्यायचा, अशी अट त्याला अनेकदा जोडलेली असे.

युरोपात वाट वेगळी निघाली. राइन नदीकाठच्या माइंत्स शहरात, सन १०००च्या सुमारास, रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने एक बहिष्काराचा नियम जाहीर झाला : पहिली बायको असताना दुसरी करणाऱ्याला समाजातून वाळीत टाकावे. त्या नियमाचा मूळ मजकूर आज हाती नाही, पुढच्या पिढ्यांनी तो त्यांच्या नावावर सांगितला आहे. त्याला जोडूनच आणखी एक नियम सांगितला जातो, आणि तुमच्या प्रकरणात तोच कळीचा आहे : बायकोला तिच्या इच्छेविरुद्ध गेट देता येणार नाही. मूळ शास्त्राप्रमाणे काडीमोड देणे हा एकट्या नवऱ्याचा अधिकार होता, बायकोची संमती लागत नसे. दोन नियमांनी मिळून नवऱ्याचे दोन्ही दरवाजे बंद केले. पहिलीला एकतर्फी सोडता येईना आणि तिच्या डोक्यावर दुसरी आणताही येईना. भोवतालच्या ख्रिस्ती समाजात एकच बायको असे, हे यामागचे एक कारण मानतात. दूरदेशी व्यापाराला गेलेले नवरे तिकडे दुसरा संसार थाटत, हे दुसरे. माझ्या मते दुसऱ्या कारणाला अधिक वजन आहे, कारण नियम सोयीसाठी फार क्वचित होतात, तक्रारी साचल्या की होतात.

पूर्वेकडच्या ज्यूंनी मात्र गेर्शोम यांचा नियम आपल्याला लागू मानला नाही. १६व्या शतकातल्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेचे कर्ते योसेफ कारो यांनी तसे स्पष्ट नोंदवले आहे, इतकेच नव्हे तर तो नियम पाचव्या सहस्रकाच्या अखेरपर्यंतच, म्हणजे सन १२४०पर्यंतच, होता असेही एक मत दिले आहे. पोलंडमधल्या क्राकोच्या रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी लगेच खाली टीप जोडली की आमच्याकडे तो आजही पाळला जातो. म्हणजे एकाच पानावर दोन समाजांचे दोन आचार. येमेनच्या ज्यूंत दोन बायकांची घरे विसाव्या शतकापर्यंत होती. १९४९-५०मध्ये सुमारे ४९ हजार येमेनी ज्यू विमानांनी इस्राएलमध्ये आणले गेले, तेव्हा काही पुरुष दोन-दोन बायकांसह उतरले, आणि आधी झालेली ती लग्ने मोडायला कुणी लावली नाहीत.

कोकणातले बेने इस्राएल हे याच पूर्वेकडच्या रीतीचे. गेर्शोम यांचा नियम नौगाव-रेवदंड्यापर्यंत कधी आलाच नव्हता, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतही दुसरेपण सर्रास होते. पहिलीला मूल नाही, किंवा मुलगा नाही, म्हणून दुसरी केल्याची उदाहरणे आपल्या समाजात होती. तुमच्या आजीचे घर त्यांतलेच एक असावे. त्याबद्दल कुणी लाज वाटून घेण्याचे कारण नाही, पण तो दाखला आज लागू करता येणार नाही. आजीच्या सवतीला दुसऱ्या देशातल्या धर्मन्यायालयात प्रकरण चालू असताना कुणी टाकलेले नव्हते. दोघींचे अन्नवस्त्र एकाच घरातून येत होते, आणि गावाला दोघी नवऱ्याच्या म्हणून ठाऊक होत्या. त्या दोघींना ते आवडले होते की नाही, हे आईला विचारून पाहा. आयांना अशा गोष्टी ठाऊक असतात आणि त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता ज्या देशात तुम्ही राहायला जाणार आहात तिथली स्थिती. इस्राएल स्थापन झाल्यावर १९५० साली तिथल्या मुख्य रब्बींनी बंदी सगळ्याच ज्यूंना लागू केली, मग ते पोलंडचे असोत, येमेनचे असोत किंवा कोकणचे. त्यापुढच्या वर्षी स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला, १९५९मध्ये द्विभार्येचा स्वतंत्र फौजदारी कायदा आला, आणि आजच्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. लग्न आणि घटस्फोट या बाबी तिथे १९५३च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयाकडे आहेत. ज्यूंसाठी निराळे नागरी लग्न त्या देशात लावले जात नाही. म्हणजे ‘धर्म चालू देतो, फक्त सरकार अडवते’ हा बचावही तिथे चालत नाही, कारण अडवणारे सरकार आणि अडवणारे धर्मपीठ या बाबतीत एकाच बाजूला आहेत. ठाण्यात लग्न केले म्हणून तिथला कायदा डोळे मिटून घेईल, या भरवशावर राहू नका. तिथल्या वकिलाचे लेखी मत घेतल्याशिवाय तर नाहीच.

रब्बींची परवानगी मिळते, हे त्यांचे म्हणणेही अर्धेच आहे. अशी परवानगी आहे खरी. अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत तिला शंभर रब्बींची मोकळीक म्हणतात, कारण तीन निरनिराळ्या प्रदेशांतल्या शंभर रब्बींनी कारणे तपासून सही केल्यावरच ती मिळते. पत्नी मनाने इतकी आजारी आहे की गेट म्हणजे काय हेच तिला कळत नाही, किंवा ती बेपत्ता आहे, किंवा न्यायालयाने सांगूनही गेट घ्यायला ती विनाकारण नकार देते आहे, अशा प्रसंगांसाठी ती वाट ठेवलेली आहे. आणि तेव्हाही पहिलीसाठी गेट लिहवून, तिच्या केतुब्याची रक्कम भरून, दोन्ही न्यायालयाकडे ठेवावे लागते, म्हणजे ती केव्हाही येऊन मोकळी होऊ शकते. आजच्या इस्राएलमध्ये अशा लग्नाला धर्मन्यायालयाचा निकाल आणि त्यावर सर्वोच्च धर्मन्यायालयाच्या अध्यक्षांची मंजुरी लागते. हे वर्षानुवर्षांचे, दुर्मीळ आणि कागदोपत्री होणारे काम आहे. ‘अगदीच अडले तर काढू’ असे ज्याविषयी बोलता येते, ती परवानगी ही नव्हे. त्यांनी खरोखर अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक त्यांच्याकडे असेल, तो मागा.

इथे धर्माच्या एका अवघड बाजूविषयी बोलले पाहिजे, कारण ती झाकून दिलेला सल्ला प्रामाणिक होणार नाही. या सगळ्या व्यवस्थेत पुरुष आणि स्त्री सारख्या जागी उभे नाहीत. गेटशिवाय पुरुषाने दुसरी केली तर तो नियम मोडतो, शिक्षेला पात्र होतो, पण त्या दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलांवर धर्म डाग लावत नाही, कारण मूळ शास्त्रात ते लग्न अशक्य नाही. त्या गृहस्थांच्या पहिल्या पत्नीने मात्र गेटशिवाय दुसरा संसार मांडला, तर तिची मुले ‘मामझेर’ ठरतात, आणि सर्वसामान्य ज्यू घरात त्यांची लग्ने होऊ शकत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या. नवऱ्याने गेट न देता टांगून ठेवलेल्या बाईला ‘अगुना’ म्हणतात. इस्राएलच्या संसदेने १९९५ साली अशा नवऱ्यांचे पासपोर्ट, वाहन परवाने, बँक खाती रोखण्याचा, प्रसंगी तुरुंगात घालण्याचा अधिकार धर्मन्यायालयांना दिला, यावरून प्रश्नाचा आकार लक्षात यावा. तेव्हा ते गृहस्थ जेव्हा म्हणतात की मला दुसरी करायला हरकत नाही, तेव्हा ते याच असमानतेचा आधार घेत आहेत. तुमचे लग्न झाले की त्यांची निकड संपली; गेट देण्याची घाई मग त्यांना कशाला राहील? आणि अडकून पडणारी बाई एकच असेल असेही नाही. त्यांनी उद्या तुमच्याशी पटत नाही म्हटले, तर गेट तुम्हालाही त्यांच्याच हातून घ्यावा लागेल.

कागद मागाहून होतील, या वाक्याने आपल्या समाजाची पूर्वी फार मानहानी झालेली आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या मुख्य रब्बींनी फतवा काढला होता की बेने इस्राएल मुलामुलींचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. शंका हीच होती की कोकणात काडीमोड शास्त्राप्रमाणे गेट लिहून होत होते की नाही. आपल्या लोकांनी त्याविरुद्ध जेरुसलेमला धरणे धरले, १९६४च्या ऑगस्टमध्ये संसदेत त्यांच्या बाजूने ठराव झाला, आणि रब्बींना आपल्या हुकुमातून बेने इस्राएल हे नाव काढावे लागले. तो आरोप अन्यायाचा होता. पण ज्या समाजाला आपले गेट खरे आहेत हे सिद्ध करण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, त्यातल्याच एकाने आज गेटला मागाहून करायचा कागद म्हणावे, याचे मला वैषम्य वाटते.

बाबांच्या सूचनेबद्दल थोडक्यात. भारतात ज्यूंच्या लग्नासाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही, आणि १९५५चा हिंदू विवाह कायदा ज्यूंना लागू नाही. आपली लग्ने रूढीवर चालतात, म्हणूनच ‘इथे कायद्याची बंदी नाही’ असे त्यांना कुणी सांगितले असावे. पण नोंदणी करायची म्हटली की आपण १९५४च्या विशेष विवाह कायद्यात शिरतो, आणि त्याची पहिलीच अट अशी आहे की दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते, तशी प्रतिज्ञा सही करून द्यावी लागते, आणि ती खोटी निघाली तर तो गुन्हा आहे. घटस्फोट झालेला नसताना त्यांना तिथे सही करता येणार नाही. उलट बाबांना हे सांगा, की गेट झाल्यावर धार्मिक लग्नाबरोबर ही नोंदणीही जरूर करू. त्यामुळे एकपत्नीत्वाला कायद्याचे बंधन येते आणि पुढे वेळ आलीच तर इथल्या न्यायालयात घटस्फोटाचा रस्ता राहतो. धार्मिक गेट मात्र त्याने सुटत नाही, तो वेगळा घ्यावा लागतोच.

आता त्या गृहस्थांशी काय बोलायचे ते. रागाने नको, संशयानेही नको. त्यांची अडचण खरी असू शकते, पैशांसाठी गेट अडवणाऱ्या बायकाही असतात. पण तुम्हाला तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत : धर्मन्यायालयात प्रकरण कुणी आणि केव्हा दाखल केले, शेवटच्या तारखेला न्यायालयाने काय हुकूम दिला, आणि पोटगी किंवा केतुब्याची किती रक्कम थकली आहे. हिब्रू हुकूम वाचून दाखवणारे नातेवाईक अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे तुमच्या घरच्यांचे नक्की असतील. त्यांच्यामार्फत पहिल्या पत्नीचे म्हणणेही कळून घ्या. हे स्थळाची चौकशी करण्यासारखेच आहे, आपल्याकडे ती एरवी आपण चार ठिकाणी करतोच. गेट पूर्ण होतो तेव्हा लेखनिकाने हाताने लिहिलेल्या १२ ओळींचा कागद नवरा दोन साक्षीदारांसमोर बायकोच्या ओंजळीत टाकतो, ती तो काखेत धरून चार पावले चालते, मग न्यायालय तो कागद फाडून आपल्याकडे ठेवते आणि दोघांना स्वतंत्र दाखले देते. तुम्ही बघायचा तो हा दाखला. घटस्फोट झालेल्या स्त्रीला पुन्हा लग्नासाठी ९० दिवस थांबावे लागते, पुरुषाला तेही बंधन नाही. तेव्हा गेट झाला की दुसऱ्या आठवड्यात तुमचे लग्न होऊ शकते. मग आज घाई कशाची आहे, असा प्रश्न त्यांना विचारला तर तो उद्धटपणा ठरणार नाही.

आईची काळजी मला समजते, ३१व्या वर्षी मुलीला आलेले स्थळ हातचे जाऊ नये असे कुठल्याही आईला वाटेल. पण तिच्या मनात या स्थळाबरोबर इस्राएलला जाण्याचा मार्गही बांधला गेला असेल, तर तो वेगळा करा. १९५०च्या परतीच्या कायद्याप्रमाणे ज्यू म्हणून तिकडे जाऊन स्थायिक होण्याचा हक्क तुम्हाला स्वतःला आहे. त्यासाठी कुणाची बायको असण्याची गरज नाही. हे आईला सांगितल्यावर तिचा आग्रह किती उरतो ते पाहा.

आणि समजा सहा महिन्यांनी त्यांनी दाखला आणला, माणूसही तुम्हाला पटला, तर जरूर पुढे जा. त्या वेळी केतुबा केवळ हजानने वाचून दाखवायचा कागद म्हणून सोडून देऊ नका. रक्कम नाममात्र लिहिली जाते, ती विचारून घ्या, आणि दुसरी न करण्याचे कलम त्यात लिहवून घ्या. काहिराच्या मुलींना नऊशे वर्षांपूर्वी ते सुचले होते. इस्राएलमध्ये लग्नाआधी असा करारही करता येतो, की बेबनाव झाल्यावर जो गेट अडवेल त्याने दुसऱ्याला दरमहा मोठी रक्कम द्यायची. रब्बींना मान्य होईल असे त्याचे मसुदे तिथले वकील तयार करून देतात. त्यावर सही करायला ते गृहस्थ तयार आहेत का, हे साखरपुड्याच्या आधीच विचारा.